भिंतीवरचे अकरा

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं आमच्या फुटबॉलच्या मैदानाला रस्त्याच्या बाजूनं भिंत बांधून दिली. चुना मारून भिंत पांढरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर जाहिरात रंगवायला बियाण्याच्या कंपनीची माणसं डबे घेऊन हजर. सरपंचबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मला शाळेतून बोलावून घेतलं.

"गुरुजी, इथं आपल्या खेळाडूंची नावं लिहायची. पहिल्यापासून आजपर्यंत जेवढे खेळले, त्यातले सगळ्यात भारी अकरा. तुम्ही तिघं बसा आन् ठरवा. पण भांडणं नकोत बरं."

तिघं म्हणजे सर, कप्तान आणि मी.

आमचं गाव शहागडच्या अलीकडं, गोदावरीच्या काठावर. आजूबाजूच्या सगळ्या गावांत क्रिकेट नाहीतर कबड्डी. फुटबॉल एकट्या आमच्याच गावात, आणि तोही सरांमुळं. सर कोल्हापूरकडचे. चाळीसेक वर्षांपूर्वी ते आमच्या हायस्कूलवर खेळाचे शिक्षक म्हणून आले, तेव्हा त्यांच्या पोत्यात कपडे कमी आणि दोन फुटबॉल होते. हा माणूस वर्षात बदली करून घेईल असं गावानं धरून ठेवलं होतं. सर निवृत्त होईपर्यंत इथंच राहिले. आता जालन्यात मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, पण डोकं लख्ख.

कप्तान माझ्या वर्गातला. सेंटर हाफला खेळायचा, बारा वर्षं संघाचा कप्तान होता. हायवेवर त्याचं हॉटेल आहे, ट्रकवाले थांबतात. अजूनही गावात त्याला सगळे कप्तानच म्हणतात. मी स्टॉपर होतो, म्हणजे गोलकीपरच्या बरोबर पुढं उभा राहणारा. शिवाय सरांनी एक वही माझ्याकडे दिली होती. कोणत्या मॅचला कोण खेळलं, गोल कुणी केले, हे मी तिच्यात लिहीत आलोय. सरपंचबाईंनी मला निवडलं ते बहुतेक त्या वहीमुळं.

पहिली बैठक कप्तानाच्या हॉटेलात झाली. सर मुलाच्या गाडीतून आले होते. मागच्या बाजूला, पिंपळाच्या सावलीत, आम्ही खाट टाकून बसलो. सुरुवात फार छान झाली. प्रत्येक नावाबरोबर एक मॅच निघायची. एक विंगर होता, तो काळ्या रानात वाढलेला; उन्हाळ्यात मैदानाला भेगा पडायच्या तेव्हा आमचे पाय मुरगळायचे आणि हा मात्र भेगा बघून बघून चेंडू काढायचा. तो घेतला. एका जोडीतले दोन्ही भाऊ हाफला खेळायचे, त्यातला धाकटा घेतला आणि थोरल्याला काय सांगायचं यावर पाच मिनिटं गेली.

मग सर म्हणाले, "सेंटर फॉरवर्डला मी एकच नाव लिहिणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यांनी लिहिलं ते नाव एका मुलीचं होतं. चौदा वर्षांची होईपर्यंत ती मुलांच्यात खेळली. तिला मोठ्या स्पर्धेत घेईनात, म्हणून सरांनी आणि मी मिळून मुलींचा संघ उभा केला, तो आजही चालू आहे. ती आता जालन्यात नर्सिंग शिकते.

कप्तान कानाची पाळी ओढायला लागला. तो अडचणीत आला की असं करतो.

"सर, पोरगी हुशारच. पण पुरुषांच्या टीममधी..."

"टीम पुरुषांची आहे असं कुणी सांगितलं? सरपंचबाई काय म्हणाल्या? जेवढे खेळले तेवढ्यातले."

"बराबर हाये, पण..."

"तुझ्या काळात एका वर्षात तिच्याइतके गोल कुणी केले होते? वही बघ."

कप्तानानं माझ्याकडे बघितलं. मला वही उघडायचीही गरज पडली नाही. "लिहा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "पण थोरल्या भावाला तुम्हीच सांगा."

दुपार कलेपर्यंत नऊ नावं झाली. राहिले दोन: स्टॉपर आणि गोलकीपर. स्टॉपरचं मी समोर असल्यामुळं दोघंही मुद्दाम टाळत होते, हे मला कळत होतं. गोलकीपरसाठी कप्तानानं एक नाव सुचवलं. अलीकडचा मुलगा, चांगलाच होता.

मी म्हणालो, "त्याच्यापेक्षा चांगला आपल्याकडं होऊन गेलाय."

कप्तानाला मी कोणाबद्दल बोलतोय ते लगेच समजलं. त्याचा चेहरा बदलला. "त्याचं नाव भिंतीवर न्हाई. बिलकुल न्हाई. त्यानं फायनल सोडली, त्याच्या मामाच्या गावासाठी."

सर चहाच्या कपाकडं बघत राहिले. आणि मीही काही म्हटलं नाही. खरं तर तोच क्षण होता बोलायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी असाच एक क्षण होता, तेव्हाही मी गप्प बसलो होतो.

ती फायनल अंबडला झाली होती. आम्ही विशीतले. आमचा गोलकीपर मेंढरं राखणाऱ्या घरातला. उंच, लांब हातांचा, पायात कधी बूट घातले नाहीत. हातमोजे सरांनी आणून दिले होते, ते दोन दिवस वापरून त्यानं परत केले. म्हणाला, "सर, चेंडू हाताला कळत न्हाई." त्या स्पर्धेत फायनलपर्यंत त्यानं एकच गोल खाल्ला होता. समोरचा संघ ज्या गावाचा, ते त्याच्या मामाचं गाव. मॅचआधी दोन्हीकडून चेष्टा चालली होती, भाच्याला मामा काय खाऊ घालणार म्हणून. तोही हसत होता.

मॅच बरोबरीत होती. शेवटची काही मिनिटं उरली होती. त्यांच्या हाफनं लांबून एक चेंडू उंच मारला. तो माझ्या आणि गोलकीपरच्या मध्ये पडणार होता. गोलकीपर चेंडू घ्यायला पुढं निघाला, आणि मी ओरडलो, "सोड!" मला वाटलं मी डोक्यानं बाहेर काढतो. तो थांबला. मी उडी मारली. चेंडू माझ्या केसांना लागून मागं गेला, एक टप्पा घेतला आणि जाळ्यात.

लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसलं की गोलकीपर पुढं निघाला आणि कारण नसताना मध्येच थांबला.

आम्ही हरलो. परत येताना टेम्पोत कोणीतरी मामाचा विषय काढला. आधी हळू, मग मोठ्यानं. गोल झाला तेव्हा कप्तान पंचवीस पावलांवर होता, त्याला माझा आवाज आला नव्हता. तो म्हणाला, "न्हाई खेळायचं होतं तर सांगायचं होतंस." गोलकीपर टेम्पोच्या फळीला टेकून बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी ताडपत्रीच्या दोरीशी खेळत बसलो. मला वाटत होतं तोच सांगेल. तो सांगेल की यानं ओरडून सांगितलं होतं, मग मी हो म्हणेन. त्यानं सांगितलं नाही. गाव येईपर्यंत मी वाट बघितली आणि गाव आलं.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला नाही. दिवाळीनंतर घरच्या कळपाबरोबर निघून गेला आणि परतला तो मैदानाकडं न फिरकण्यासाठीच. पुढं मी डी.एड. केलं, मास्तर झालो, लग्न झालं. तो गावातच होता. रस्त्यात दिसला की "रामराम गुरुजी" म्हणायचा. आधी आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो.

हॉटेलातल्या बैठकीनंतर चार दिवस मी वही घेऊन बसत होतो. त्या फायनलच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'गोलकीपरची चूक.' नंतर कधीतरी नाही, त्याच आठवड्यात लिहिलेलं. खोटं बोलायला मला तोंडही उघडावं लागलं नव्हतं.

पाचव्या दिवशी कप्तानाला घेऊन मी जालन्याला सरांकडं गेलो. सरांच्या सूनबाईंनी पोहे दिले. ते संपायच्या आत मी सांगून टाकलं. फार काही नव्हतं सांगायला. चार वाक्यांत झालं.

कप्तानानं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं?"

"हो."

"मी त्याला माझ्या लग्नाला बोलावलं न्हाई. त्याचा बाप वारला तव्हा मी दारावर गेलो न्हाई. आन् तू मास्तर हायेस. पोरांना शिकवून राह्यला रोज."

तो उठला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला टेकून उभा राहिला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती.

सर म्हणाले, "त्याला येऊ दे. एकटा तूच नाहीस. फायनलच्या दुसऱ्या दिवशी मी गोलकीपरच्या घरी गेलो होतो. विचारलं, काय झालं? तो म्हणाला, सर, माझं चुकलं. एवढ्यावर मी परत आलो. मी त्या पोराला तीन वर्षं ओळखत होतो. आणखी एकदा विचारायला पाहिजे होतं. मला संघाची पडली होती, पुढची स्पर्धा जवळ आलेली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाव लिहायचं तर लिहू. पण आधी त्याच्याकडं जा. भिंतीवरून त्याला कळता कामा नये."

कप्तान अर्ध्या तासानं आत आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चल. अंधार पडायच्या आत पोचायचं."

अंबडपासून पुढं तो गाडी चालवत होता. गावाबाहेर, नदीच्या बाजूला एकाची मोसंबीची बाग आहे, तिच्या शेजारच्या मोकळ्या रानात गोलकीपरनं मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी शेतकरी तशा बसवून घेतात. ऊन उतरलं होतं. तो बांधावर बसून कोकराच्या पायातला काटा काढत होता. केस पांढरे झाले होते, हात तसेच लांब.

"या गुरुजी," तो म्हणाला. कप्तानाला बघून त्याचे डोळे जरा बारीक झाले. "बसा. काय काम काढलं?"

कप्तानानं मला पुढं ढकललं. मी उभ्यानंच बोललो. म्हणालो, तो चेंडू तुझा होता, मी तुला सोड म्हणून ओरडलो, आणि नंतर कुणाला सांगितलं नाही. भिंतीचं काहीच बोललो नाही.

काटा काढून झाला तेव्हा त्यानं कोकरू सोडून दिलं. ते लंगडत आईकडं गेलं.

"मला आवाज आल्ता," तो म्हणाला. "पण खरं सांगू का गुरुजी, तुमच्या आवाजानं मी थांबलो न्हाई. मला वाटलं चेंडू बाहेर जाऊन राह्यला. माझाबी अंदाज चुकला. गोलकीपरनं कुणाचं ऐकायचं आन् कुणाचं न्हाई, हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं."

मला क्षणभर हलकं वाटलं. त्यानं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम चढला.

"पण त्याचा राग न्हाईच मला. गोल होतात. टेम्पोत आपण सतरा जण होतो. सतरातला एकजण म्हणाला असता, हा असं करणार न्हाई. बस, एवढंच. तू माझ्या बाजूला बसल्ता. तू तरी म्हणायचं होतंस."

किती वर्षांनी तो मला तू म्हणाला होता. मी "हो" म्हणालो. "म्हणायला पाहिजे होतं."

मग कप्तान, जो ट्रकवाल्यांशी भांडताना सबंध हायवेला ऐकू जातो, तो इतक्या हळू बोलला की मलाच नीट ऐकू आलं नाही. "माझं तोंड वाईट. मी बोलायला नको होतं. तुझा बाप गेला तव्हा यायला पाहिजे होतं."

गोलकीपरची बायको पालाच्या दारातून आमच्याकडं बघत होती. तिनं चहा आणून दिला, बिनदुधाचा, गुळाचा. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "सांगा की आता, रोज संध्याकाळी कुठं बघत बसता ते."

तो ओशाळला. आम्ही बघतच राहिलो.

"बांधावरून ग्राऊंड दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "मेंढरं नदीला नेतो तव्हा बघतो. ती पोरींची गोली हाये ना, उंच वेणीची? लई मागं उभी राहून राह्यली. रेघंला चिकटून. पोरगी भित्री न्हाई, तिला कोणी सांगितलंच न्हाई पुढं यायला. हात चांगलेत तिचे."

मुलींना शिकवतो मी. मला ते कधी दिसलं नव्हतं. स्टॉपरला गोलकीपरची फक्त हाक ऐकू येते. तो मागं काय करतो ते त्याला दिसत नाही.

"मंग ये की उद्या," कप्तान म्हणाला.

"मेंढरं?"

"मी पाठवतो कोणाला. न्हाईतर मीच येतो राखायला."

यावर त्याची बायको इतकी हसली की तोही हसला. कप्तानाचं वजन आता शंभराच्या पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी, सराव अर्धा झाला असताना, तो नदीच्या बाजूनं चालत आला आणि कोणाशी न बोलता गोलच्या मागं जाऊन उभा राहिला. पायात चपला, खांद्यावर घोंगडी. मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, "हे आपल्या गावाचे गोलकीपर आहेत." एवढंच.

पंधरा-वीस मिनिटं तो नुसता बघत होता. मग चपला काढून आत आला. वेणीवालीच्या शेजारी उभा राहिला आणि तिला दोन पावलं पुढं घेतलं. चेंडू आला, तिनं पकडला. आणखी दोन पावलं. तिला वाटत होतं आता डोक्यावरून जाईल, म्हणून ती सारखी मागं बघत होती. तो म्हणाला, "मागं बघू नको बाई. गोल कुठं पळून जातोय व्हय?" सगळ्या हसल्या. सहाच्या सुमाराला तिनं एक चेंडू पार पुढं धावत जाऊन, दोघींच्या मधून, छातीशी धरला. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती मान हलवली, आणि ती पोरगी घरी जाईपर्यंत तो चेंडू हातातून सोडायला तयार नव्हती.

यादीचं त्याला पुढच्या आठवड्यात सांगितलं. सरही आले होते. सरांना बघून तो पाया पडायला वाकला तर सरांनीच त्याला धरून ठेवलं. मग त्यानं भिंतीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या पुढं स्टॉपर कोण?"

कप्तान कानाची पाळी ओढायला लागला.

मी म्हणालो, "तूच सांग. तुझ्या पुढं कोण पाहिजे ते."

तो विचारात पडला. मला वाटलं, आता तो मोठ्या मनानं माझं नाव घेईल. "राग न्हाई ना येणार?" तो म्हणाला. "तू बराबर खेळायचास. पण हेडिंगला डोळे मिटायचास. तुझ्यानंतर आला तो, पलीकडच्या आळीचा, तो मिटत न्हाई. मी बांधावरून बघितलंय."

सर मोठ्यानं हसले, कितीतरी दिवसांनी. मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. तीस वर्षं वही सांभाळताना आपलं नाव कुठंतरी असेल असं मनात होतंच. पण तो बरोबर बोलत होता. आम्ही अकरांच्या खाली चार राखीव खेळाडू लिहायचं ठरवलं आणि त्यात मी गेलो. तिथं हाफमधला थोरला भाऊही आहे, त्यामुळं तो प्रश्नही सुटला. वहीत त्या फायनलच्या पानावर जुनी ओळ मी खोडली नाही. खाली खरं काय झालं ते लिहिलं आणि सही केली.

पोळ्याच्या आधी नावं रंगवून झाली. गावात दोन दिवस चर्चा चालली. काहीजणांनी मामाचा विषय पुन्हा काढून बघितला. हॉटेलात कप्तानानं सगळ्यांसमोर सांगितलं, चूक कोणाची होती आणि तोंड कोणाचं सुटलं होतं. माझं नाव त्यानं घेतलं, मी घ्यायला लावलं होतं. एक-दोन पालकांनी नंतर मला विचारलंही, "गुरुजी, खरं का हे?" मी हो म्हणालो. शाळेत त्यामुळं काही बिघडलं नाही. उलट सातवीतल्या दोघांनी काच कोणी फोडली ते आपण होऊन येऊन सांगितलं. त्याचा आणि याचा संबंध असेलच असं मी म्हणत नाही.

दिवाळीनंतर गोलकीपर नेहमीप्रमाणं कळप घेऊन निघाला, या वेळी राजूर-भोकरदनच्या बाजूला. वेणीवालीनं तोंड पाडलं. तेव्हा सेंटर फॉरवर्ड सुट्टीला गावी आली होती. तिनं त्याच्या फोनमध्ये आवाजी निरोप कसा पाठवायचा ते शिकवलं. आता आठवड्यातून दोनदा मुली सरावाचा व्हिडिओ पाठवतात आणि रात्रीच्या आत त्याचं उत्तर येतं. एका निरोपात मागं राजूरच्या देवळातल्या घंटा वाजत होत्या आणि मेंढ्या ओरडत होत्या, आणि त्या गोंधळात तो सांगत होता: "डावा पाय आधी टाकून राह्यली ती. उजवा टाक म्हणावं. आन् कॉर्नरला बोलत जा म्हणावं, मोठ्यानं, बिनधास्त."

पुढच्या महिन्यात जालन्याला जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड आहे. आमच्या तिघीजणी जातायत, त्यात वेणीवाली आहे. सरांनी घरी सगळ्यांच्या जेवणाचं सांगून ठेवलंय. काल मी गोलकीपरला फोन करून तारीख सांगितली, म्हटलं, तू नसलास तरी चालेल, लांब आहेस.

"चालेल कसं?" तो म्हणाला. "दोन दिवस भाऊ बघंल मेंढरं. भोकरदनवरून जालन्याला गाडी कितीची हाये तेवढं बघून सांग."